येडबाच्या दस्तीतला कोल्हा

माळावर उभ्या असलेल्या येडबाला खालच्या सडकेनं कोण यायलंय, ते चेहरा दिसायच्या फार आधी कळतं. माणूस अजून करंगळीएवढा असतो आणि हा सांगून मोकळा होतो की तलाठी आलाय, आज चप्पल चावायलीय त्याला. यात जादूटोणा काही नाही. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेल्या माणसाला तोंड बघायची सवय राहत नाही, कारण मेंढरांची तोंडं बघून तसा काही उलगडा होत नाही. तो चाल बघतो. त्याची बायको कासाबाई म्हणते, लग्नाच्या वेळी बी यांनी माझं तोंड न्हाई बघितलं, चाल बघितली, ती बी लांबून. चाल चांगली होती, एवढं येडबा कधीतरी तिसऱ्याच माणसाला सांगतो.

राणीसावरगावच्या पलीकडं माळाला टेकून एक लहानशी वाडी आहे, तिथं हा राहतो. येडबा हे नाव नवसाचं आहे, स्वभावाचं नाही, असं त्याच्या घरचे सांगतात. वाडीतल्या बाकीच्या मंडळींनी याबाबतीत आपलं मत राखून ठेवलेलं आहे.

त्याची धाकटी लेक राजेश्री चौथीत आहे. लहानपणी तिला मोठा ताप आला, आणि तो ताप जाताना तिचं ऐकणं घेऊन गेला. पुढं एका शिबिरात कानाला लावायचं यंत्र मिळालं. ते लावलं की पोरीचा चेहरा जत्रेत हरवल्यासारखा व्हायचा. एक दिवस ते एका कोकराच्या कानात सापडलं. कोकरू बेजार झालं होतं. तेव्हापासून यंत्र फळीवर आहे आणि कोकरू यंत्रापासून चार हात लांब.

पण बोलण्यावाचून घरात कुणाचं अडलं नाही. मेंढरामागच्या माणसांच्या हातात आधीच एक भाषा असते. हा या टेकाडावर, भाऊबंद त्या टेकाडावर, मधे वारा. हाक पोचतच नाही. काठी आडवी धरली की कळप थांबव, घोंगडी फडकवली की ओढ्याकडं वळव. येडबानं तीच भाषा घरात आणली. घरात माणसांची नावंसुद्धा चालीवरून पडली. कमरेवर हात ठेवला की कासाबाई. डोक्यावरून स्कार्फ गुंडाळल्यासारखं केलं की सविता मॅडम, ज्या गंगाखेडहून स्कूटीवर येतात. दोन्ही हात मागं बांधून चार पावलं चालायचं, थांबायचं, मान वळवून मागं बघायचं, की झाले हेडमास्तर बन्सीधर गुरुजी.

या बन्सीधर गुरुजींचे येडबावर उपकार होते. पोरीला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा प्रत्येकानं वेगळा सल्ला दिला, आणि सगळ्या सल्ल्यांचा अर्थ नको असाच निघत होता. गुरुजींनी एवढंच विचारलं, डोळे हायत का तिला? मग बसू द्या पहिल्या बाकावर. मॅडम मोबाइलवर बघून बघून खुणांची खरी भाषा शिकल्या आणि पोरीला शिकवायला लागल्या. पोरगी हिशेबात पुढं गेली, अक्षर तर असं की कासाबाई ते पाहुण्यांना भिंतीवरच्या फोटोसारखं दाखवते. सगळं ठीक चाललं होतं.

मग एका शनिवारी येडबा शाळेच्या मागून कळप घेऊन जात होता. शनिवारी शाळेत गोष्टीचा तास असतो. खिडकीतून त्याला वर्ग दिसला. मॅडम काहीतरी वाचत होत्या, आणि एकाएकी सगळा वर्ग हसला. राजेश्री हसली नाही. तिनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि मग हसली. तोवर बाकीच्यांचं हसून झालं होतं. भर वर्गात ती एकटीच हसत राहिली, आणि ते ध्यानात आलं तसं तिनं तोंड मिटलं.

येडबाची मेंढरं त्या दिवशी कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली. ती कधी शिरली हे त्याला कळलंसुद्धा नाही.

घरी त्यानं कासाबाईला सांगितलं. ती म्हणाली, उशिरा का हुईना, हसती न्हवं? त्याला हे पटलं नाही. जेवायला उशिरा मिळालं तर पोट भरतं, पण हसू उशिरा मिळालं तर ते हसू राहत नाही, असं काहीसं त्याला म्हणायचं होतं. ते तोंडातून निघालं नाही, म्हणून तो भाकरीवर चिडला. सोमवारी सकाळी तो मॅडमच्या स्कूटीला आडवा जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, शनवारची गोष्ट मला आधी सांगा. मी तिला माळावर समजावतो. तिला येळेवर हसायचंय."

मॅडमना हे एकदम आवडलं. त्यांनी तिथंच, गाडी स्टँडवर लावून, पुढची गोष्ट सांगितली.

गोष्ट अशी. जंगलात वाघोबाची सभा भरते. वाघोबा सांगतो की माझा आवाज निघाला की डोंगर हादरतो, ऐका आता. सगळे जीव मुठीत धरून बसतात. वाघोबा छाती फुगवतो, तोंड उघडतो, आणि आवाजाऐवजी निघते उचकी. सभा गार पडते. मग कोल्हा उठतो. त्याच्या जिभेवर कायमची खडीसाखर. तो म्हणतो, वा महाराज, काय ही गर्जना, अशी नाजूक गर्जना आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकली नाही. झालं. वाघोबाचा मान राखायला हत्ती उचकी देतो, अस्वल देतं, सगळी सभा उचक्या द्यायला लागते. शेवटी एक ससा पानाच्या द्रोणात पाणी आणतो. वाघोबा पाणी पितो, त्याची उचकी थांबते. पण सभेच्या उचक्या काही थांबत नाहीत, कारण आधी थांबायचं कुणी?

येडबा रस्त्यातच इतका हसला की मॅडमना शाळेला उशीर झाला.

हसणं सोपं होतं. माळावर गेल्यावर कळलं की दुसऱ्याला हसवणं हे मेंढरं ओढ्यापार करण्यासारखं आहे, पहिलं मेंढरू पाण्यात उतरेपर्यंत काही खरं नसतं. डोंगर हादरतो, हे त्यानं समोरच्या डोंगराकडं बोट करून, अंग थरथरवून दाखवलं. पोरीनं डोंगराकडं बघितलं, तिकडून पाऊस यायलाय असं समजून शेरडं गोळा केली आणि घराकडं निघाली. तिला हाका मारून उपयोग नव्हता, म्हणून तो मागं धावला. मग खडीसाखर. ती त्यानं मुद्दाम खिशात आणली होती. कोल्हा असं दाखवून खडा तिच्या जिभेवर ठेवला. तिनं तो चोखला आणि पुढच्या खड्यासाठी हात केला.

हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण खरी अडचण पुढं होती. कोल्हा वाघाची तारीफ करतो ती येडबानं छान करून दाखवली, आणि राजेश्रीनं ती खरी मानली. कोल्हा म्हणतोय चांगलं, म्हणजे उचकी चांगलीच असणार. तिनं गंभीरपणे मान हलवली, आणि वाघाबद्दल तिच्या डोळ्यांत आदर दिसायला लागला. इथं गोष्टच मेली. कोल्हा बोलतोय एक आणि त्याच्या मनात दुसरंच आहे, हे हातानं कसं दाखवायचं? हात जे करतो तेच दाखवतो. कासाबाई भाकरी बांधून देताना म्हणाली, "तुमाला सरळ बोलणं जमत न्हाई, आन् वाकडं शिकवायला निघाले."

त्याच आठवड्यात जनावरांचा बाजार होता. येडबानं एक एडका विकायला नेला, राजेश्रीही बरोबर होती. आपल्याकडं बाजारात भाव तोंडानं होत नाही. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात धरतात, वरून दस्ती टाकतात, म्हणजे खांद्यावरचा मोठा रुमाल, आणि दस्तीखाली बोटं दाबून भाव चालतो. भोवतीच्या माणसांना फक्त तोंडं दिसतात, आणि तोंडावर विश्वास ठेवायचा नसतो. मुंजाजी नावाच्या व्यापाऱ्यानं हात धरला. एडक्याकडं बघून त्यानं असं तोंड केलं की जणू तो कालच मरून पडलाय आणि अजून कुणी उचललेला नाही. येडबानंही तोंड केलं, की बाबा, नको घेऊ, मला विकायचाच नाही. आणि इकडं दस्ती आतून अशी उसळत होती जसं काही तिच्यात कोंबडी कोंडलीय.

राजेश्री खदखदून हसली.

येडबानं तिच्याकडं बघितलं. तिनं डावीकडं बघितलं नव्हतं, उजवीकडं बघितलं नव्हतं. ती मुंजाजीच्या तोंडाकडं बघत होती, दस्तीकडं बघत होती, आणि पोट धरून हसत होती. बाजारात बाकी कुणाला यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. येडबाचं भावातलं लक्ष उडालं. त्या एडक्याचं शेवटी काय झालं, हे तो कासाबाईला आजपर्यंत नीट सांगू शकलेला नाही.

त्या संध्याकाळी माळावर पुन्हा सभा भरली. वाघानं उचकी दिली. कोल्हा उठला. येडबानं तोंडभर कौतुक केलं, डोळे विस्फारले, उजव्या हातानं मुजरा घातला. डावा हात दस्तीखाली होता. त्यानं पोरीचा हात धरून त्या दस्तीत घातला. आत त्याचं बोट गोल गोल फिरत होतं. ही त्यांच्या घरातली खूण, अर्थ एवढाच की हे खुळं आहे. राजेश्रीनं वर कोल्ह्याचं तोंड बघितलं, खाली बोट चाचपलं, पुन्हा तोंड बघितलं. आणि मग तिला असं हसू आलं की ती मागं गवतात पडली. मग हत्ती आला, दस्तीत बोट फिरलं. अस्वल आलं, बोट फिरलं. ससा आला तेव्हा तिनं घाईनं दस्तीत हात घातला आणि आत बोट शांत होतं. तिनं मान हलवली. ससा खरं बोलतोय, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

पहिलं मेंढरू पाण्यात उतरलं होतं.

फक्त या आनंदात येडबाच्या हातून एक घोटाळा झाला होता, आणि तो त्याच्या अजून ध्यानातही नव्हता. राजेश्रीनं वाघ कधी बघितलेला नाही. वाघाची चाल येडबालाही माहीत नाही, आमच्या माळावर वाघ राहिलाय कुठं? पण ऐट माहीत होती. तेव्हा वाघोबा सभेत येतो, हे दाखवताना येडबाचे दोन्ही हात आपोआप मागं गेले, तो चार पावलं चालला, थांबला, आणि मान वळवून मागं बघता झाला. चालीवरून माणूस ओळखणाऱ्याला चालीशिवाय वाघ उभाच करता येईना.

शनिवारी तो आंघोळ करून शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसला. मॅडमनी पुस्तक काढलं. तेवढ्यात बन्सीधर गुरुजी म्हणाले, आज गोष्ट मी सांगतो. गुरुजींना गोष्ट सांगायची हौस आहे, आणि ते सांगतातही झकास. ते ऑफिसातून निघाले. हात मागं, हातात पुस्तक. चार पावलं चालले, थांबले, मान वळवून मागं बघितलं, आणि वर्गात शिरले.

राजेश्रीला दारातून साक्षात वाघ येताना दिसला. गोष्टीचं पुस्तक अजून उघडायचं होतं आणि ती हसायला लागली.

व्हरांड्यात येडबाच्या तोंडचं पाणी पळालं. आपण काय करून बसलो ते त्याला त्या क्षणी कळलं. ज्या माणसानं पोरीला पहिला बाक दिला, त्याचा आपण वाघ केला, आणि वाघसुद्धा उचकीचा.

गुरुजींनी गोष्ट सुरू केली. छाती फुगवून त्यांनी उचकी दिली, वर्ग हसला, राजेश्री बरोबर त्याच वेळी हसली. कोल्हा उठला. गुरुजींनी त्याची तारीफ डोळे विस्फारून, मुजरा घालत मोठ्या रंगात वाचली आणि वर्ग शांत राहिला, पोरांना वाटलं हे चांगलं वाक्य आहे, परीक्षेला येईल. राजेश्री एकटीच हसली. गुरुजी थांबले. बबिता नावाची तिच्या शेजारची पोरगी मदत करायला उभी राहिली आणि म्हणाली, गुरुजी, तिला गोष्ट आधीच माहीत हाय, ती करून बी दाखवती.

गुरुजी म्हणाले, दाखव की मग. बबितानं तिला तशी खूण केली.

शाळेत आजवर कुणी तिला गोष्ट सांगायला उभं केलं नव्हतं. ती अशी उठली की बाक सरकला. फळ्यासमोर आली, हात मागं बांधले, चार पावलं चालली, थांबली, मान वळवून मागं बघितलं. वर्गात हशाचा स्फोट झाला. मग एकेकाची नजर गुरुजींकडं गेली आणि तो हशा रस्त्यातच विरला. राजेश्रीला विरलेलं काही ऐकू येत नव्हतं. तिनं उचकी दिली. टेबलावरचा मॅडमचा स्कार्फ उचलून डाव्या हातावर टाकला, कोल्हा झाली आणि बबिताला खूण केली की हात घाल आत. बबितानं हात घातला, तोंड बघितलं आणि किंचाळून हसली. मग दुसरीला आत हात घालायचा होता, तिसऱ्याला घालायचा होता. ज्यांचा हात पोचला नव्हता ते काय काय म्हणून विचारत होते. गुरुजी पुस्तक मिटून कधी बाहेर गेले ते वर्गाला कळलं नाही. व्हरांड्यात मात्र कळलं.

येडबा ऑफिसच्या दारात जाऊन उभा राहिला. चपला त्यानं बाहेर काढल्या होत्या. चूक माझी हाय, पोरीची न्हाई, असं तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं. खिडकीतून काय दिसलं ते, खडीसाखर, बाजार, दस्ती, आणि वाघाला चाल कुठून आली ते. पोरीला शाळेतून काढू नका, एवढं तो दोनदा म्हणाला.

गुरुजींनी ते ऐकलंच नसल्यासारखं केलं. म्हणाले, "करून दाखव."

"काय जी?"

"मी कसा चालतो ते."

येडबानं आयुष्यात पुष्कळ अवघड कामं केली आहेत, पण हे त्यातलं सगळ्यात अवघड होतं, असं तो सांगतो. त्यानं हात मागं घेतले. ऑफिस लहान, चार पावलं बसत नव्हती, तीनच टाकली. थांबला. मान वळवली.

गुरुजींनी हळू विचारलं, "असा मागं वळून बघतो मी? दरवेळी?"

"जी. आमी बी बघताव तसंच," येडबा म्हणाला. "कोण मागं राह्यलं का ते."

हे तो मनापासून बोलला की कोल्ह्यासारखं, हे सांगणं अवघड आहे, कारण त्याचे दोन्ही हात अजून पाठीमागं होते. पण गुरुजींच्या मिशीच्या खाली काहीतरी हललं. पोरीला काढायची गोष्ट डोक्यातनं काढून टाक, ते म्हणाले, आणि पुढच्या शनिवारी बाहेर व्हरांड्यात बसू नको, आत बस. आणि वाघाला दुसरं कुणी तरी बघ. येडबानं कबूल केलं. दुसरं कोण, हा प्रश्न त्याला तेव्हाच पडला होता, पण त्यानं विचारला नाही.

पुढच्या शनिवारची गोष्ट मॅडमनी सांगितली. या वेळी त्यांनी ती येडबाला आधी सांगितली नव्हती, राजेश्रीला सांगितली होती, कारण तोंडावर एक आणि दस्तीत दुसरं ही खूण आता त्यांनाही आली होती. येडबा वर्गात मागं बसला, शेजारच्या खुर्चीवर गुरुजी. एकच काम घेऊन तो आला होता. पोरगी वेळेवर हसते का, ते बघायचं. तो तिच्या पाठीवर डोळे लावून बसला.

गोष्ट होती एका म्हशीची, जिला एसटीत खिडकीचीच जागा हवी असते. बस फलाटाला लागते, लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, आणि म्हैस खिडकीतून आपलं दावं टाकते. मग कंडक्टर येतो आणि विचारतो, हे दावं कुणाचं?

संध्याकाळी कासाबाईनं चुलीपुढून विचारलं, "मग? हसली का येळेवर?"

येडबाचा हात भाकरीवरच थांबला. त्यानं आठवून बघितलं. म्हैस आठवली, दावं आठवलं, कंडक्टर आठवला.

"बघायचं राह्यलं की," तो म्हणाला.

कासाबाईनं कपाळाला हात लावला. अख्खा दिवस मेंढरं दुसऱ्याच्या भरवशावर टाकून हा माणूस शाळेत बसला, आणि जे बघायला गेला तेवढंच बघून आला नाही. तिनं मग राजेश्रीला खांद्याला धरून वळवलं आणि खुणेनं विचारलं.

राजेश्री उठून उभी राहिली. तिनं आधी डोकं मागं टाकलं, तोंड एवढं उघडलं, डोळे मिटले, नसलेल्या दस्तीचं टोक तोंडात कोंबलं आणि आपल्या शेजारच्या हवेत कुणाच्या तरी मांडीवर दाणकन थाप मारली. ते कोण हे विचारायची गरज नव्हती. मग ती एक पाऊल बाजूला सरकली, हात मागं बांधले आणि मान खाली घालून आपल्याच मांडीकडं बघितलं, लाल झाली का म्हणून.

"अगं माय," कासाबाई म्हणाली, "गुरुजीच्या?"

येडबानं भाकरी ताटात ठेवली आणि तोंड दस्तीनं झाकून घेतलं. दस्ती हलत होती.